कोल्हापुरी चपलांचा ऑनलाइन धंदा : नेमकं गिऱ्हाईक कुठलं धरू?

रंकाळ्याकाठची (९ नोव्हेंबर, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची. पुण्यात सात वर्षं आयटीत टेस्टिंगला होते, बाबांच्या आजारपणात परत आले आणि मग इथेच राहायचं ठरलं. मार्चपासून कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतेय. स्वतःची वेबसाइट, इन्स्टाचं पेज आणि व्हॉट्सॲप. माल इथल्या सुभाषनगरातल्या तीन कारागीर घरांकडून घेते, मशीनचा किंवा रेक्झिनचा एकही जोड ठेवत नाही. साइटवर आत्ता ६४ डिझाइन्स आहेत, कापशी, कुरुंदवाडी, बायकांच्या रंगीत वेणीच्या, गोंड्याच्या, ब्रायडल, लहान मुलांच्या, सगळंच.

आठ महिन्यांत ४१२ ऑर्डरी गेल्या आणि त्यातल्या ९७ परत आल्या, जवळजवळ सगळ्या साइजवरून. एक जोड परत आला की जातानाचं कुरियर, येतानाचं कुरियर आणि वर जोड मळलेला, म्हणजे तीन चांगल्या ऑर्डरींचा नफा एका परतीत संपतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात आपल्यासारख्याच चपला दिसल्या आणि गदारोळ झाला, त्या दोन आठवड्यांत पेजवर एवढी माणसं आली की मला वाटलं आता गाडी लागली रुळावर. पण ती सगळी बघायला आलेली, लाइक करून गेली, विक्री तेवढीच राहिली.

जो तो मला सांगतो की निश शोध, एकच कोपरा धर, सगळ्यांना सगळं विकू नकोस. पटतं हो, पण शोधायचा म्हणजे करायचं काय? मी वहीत लिहिलेत ते पर्याय : लग्नाच्या चपला, लहान मुलं, परदेशातले मराठी लोक, ढोल-ताशा पथकं. चारही बरे वाटतात आणि चारही उद्या चुकीचे निघू शकतात. हातात एक लाख ऐंशी हजार उरलेत, त्यात एकच प्रयोग नीट होईल, दोन नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

मुठेकाठचा_ढोल (१० नोव्हेंबर, सकाळी ७.१५)

ताई, पथकांचं मी सांगतो, नऊ वर्षं वाजवतोय. वहीतून काढून टाका तो पर्याय. गणपती भाद्रपदात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, पाऊस असतोच. मिरवणुकीत दहा-बारा तास ओल्या रस्त्यावर उभं राहायचं, तुमचं चामडं भिजलं की फुगतं, वाळलं की आखडतं. आमच्यातले निम्मे तर अनवाणीच वाजवतात. पथकं कुर्त्याची एकगठ्ठा ऑर्डर देतात हे खरं, त्यावरून लोकांना वाटतं चपलांचीही देतील. देत नाहीत.

जर्सीची_मावशी (१० नोव्हेंबर, सकाळी ८.०२)

अगं इथे मागणी आहे ना, गुढीपाडवा, गणपती, दिवाळीचे कार्यक्रम, शिवाय आता आमच्या मुलांची लग्नं निघालीत. पण दोन गोष्टी सांगते. पहिली, अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्यूटी नव्हती ती सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली. त्या सुमारास भारतातून पोस्टाची पार्सलंही दीड-पावणेदोन महिने बंद होती, माझ्या बहिणीने पाठवलेला फराळ त्यात अडकला. म्हणजे आता तुझ्या २,००० च्या जोडावर पाठवणावळ आणि वर ड्यूटी. नुसत्या परदेशावर सगळा धंदा उभा करू नकोस, निदान आत्ता तरी नको.

दुसरी, इथला पुरुषांचा १२ नंबर म्हणजे तुमच्याकडचा साधारण ११. तुझ्या साइटवर नुसतं १२ लिहिलेलं असेल आणि इथल्या कुणी सवयीने १२ मागवला तर त्याला एक नंबर मोठा मिळणार. तुझ्या परतीच्या जोडांत असे किती आहेत ते बघ बरं.

खाडीपलीकडचा (१० नोव्हेंबर, दुपारी १.३०)

रंकाळ्याकाठची ताई, माझा अनुभव लिहितो. ठाण्यात आमचं मिक्सर, इस्त्री, गिझर दुरुस्तीचं दुकान, वडिलांपासूनचं. सहा वर्षांपूर्वी ऑनलाइन उतरलो तेव्हा मीही सगळं टाकलं होतं, नवे मिक्सर, नव्या इस्त्र्या, टोस्टर. मोठ्या पोर्टलवर तोच मिक्सर माझ्या खरेदीच्या भावापेक्षा कमी भावाने मिळायचा, मी टिकणार कसा. दीड वर्ष तोटा खाल्ला.

मग एकदा गल्ल्यावर बसल्याबसल्या बायको म्हणाली, दिवसातून तीनदा तरी कुणीतरी फोन करून जुन्या मिक्सरच्या भांड्याचं खालचं कपलर मागतं आणि तुम्ही 'ते मॉडेल बंद झालं, नवीन घ्या' म्हणून फोन ठेवता. आम्ही महिनाभर एक वही ठेवली, ज्यात फक्त 'नाही' म्हटलेली गिऱ्हाइकं लिहायची. काय मागितलं, कुठल्या गावाहून, आणि आपण काय उत्तर दिलं. महिन्याने वही उघडली तर कपलर, भांड्याची पाती, झाकणाचं रबर, सगळं बंद पडलेल्या मॉडेल्सचं. आज माझा ऑनलाइन धंदा तेवढाच आहे. एक कपलर दीडशे रुपयांचं, पण ते घेणारा भाव करत नाही, कारण त्याची अडीच हजारांची वस्तू त्या कपलरवाचून माळ्यावर पडलेली असते.

तेव्हा वहीतले चारही पर्याय बाजूला ठेवा, ते तुमच्या डोक्यातून आलेत. आठ महिन्यांचं व्हॉट्सॲप तुमच्याकडे आहे, त्यात तुम्ही कुणाकुणाला आणि कशासाठी 'नाही' म्हणालात ते मोजा. दोन दिवस जातील, पण जाऊ द्या.

आकडेमोड (१० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४५)

मी सीए आहे, सोलापूर. वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, फक्त भर घालतो. नकारांमध्येही दोन प्रकार वेगळे करा. 'स्वस्तात मिळेल का' याला दिलेला नकार हे मार्केट नव्हे. 'हे मिळेल का' आणि किंमत विचारायच्या आधी 'कधी मिळेल' असं विचारणारा, तो मोजा.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पादत्राणांवरचा जीएसटी बदललाय हे लक्षात असू द्या : २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के, त्यावर गेला की १८. जो काही कोपरा धराल त्यातली किंमत या रेषेच्या कुठल्या बाजूला बसते ते आधी बघा. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर साधारणपणे उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते, हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना २० लाखांपर्यंत त्यातून सूट आहे. तुमचा माल त्या यादीत बसतो का ते तुमच्या सीएकडून लेखी घ्या, तोंडी नको.

रंकाळ्याकाठची (१३ नोव्हेंबर, रात्री १२.२०)

मोजलं. तीन रात्री बसले, आईने मदत केली, मी वाचायचे आणि ती रेघा मारायची.

स्वस्तात मागणारे सोडून १४६ जणांना मी आठ महिन्यांत 'नाही' म्हटलंय. त्यातले ५८ एकट्या एका गोष्टीसाठी : पुरुषांचा ११, १२ किंवा १३ नंबर. मी प्रत्येकाला एकच छापील उत्तर पाठवलंय, 'सर, आमच्याकडे १० पर्यंतच उपलब्ध आहे', आणि खाली हात जोडलेली खूण. अठ्ठावन्न वेळा! दुसरं, ३१ बायकांनी रुंद पायासाठी विचारलंय, अंगठ्याच्या बाजूला हाड वाढलंय, किंवा चवडा पसरट आहे म्हणून पट्टा चावतो. १९ जणांना पावसात चालणारी हवी होती. ११ लहान मुलांचे. बाकी किरकोळ. लग्नासाठी म्हणून मला कुणाला 'नाही' म्हणावंच लागलेलं नाही, कारण ते सगळीकडे मिळतं, चप्पल लाईनमध्ये प्रत्येक दुकानात टांगलेलं असतं.

आणि जर्सीच्या मावशी, तुमचं खरं निघालं. पुरुषांच्या परत आलेल्या जोडांपैकी सात जणांनी परदेशी बुटांच्या सवयीने नंबर टाकला होता.

आता माझी शंका अशी की मोठ्या पायांची माणसं असून असून किती असणार, आणि त्यावर धंदा चालेल का? दुसरं म्हणजे मी ज्या तीन घरांकडून माल घेते त्यांनी मला सुरुवातीलाच सांगितलेलं की दहाच्या वर नको, आम्ही करत नाही. का ते मी तेव्हा विचारलंच नाही.

सुभाषनगरचा_पोरगा (१३ नोव्हेंबर, सकाळी ९.१०)

का करत न्हाईत ते मी सांगतो ताई. आमच्या घरात चार पिढ्या हेच काम हाय. मी स्वतः बँकेत लागलोय, पण वडील आणि थोरला भाऊ रोज बसतात.

कातडं एवढं मोठं एक येतंय, म्हशीचं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. त्यातली तळाला लागणारी जाड बाजू थोडीच असती. आठ नंबरचे तळ काढताना त्या जागेत एकाला एक लागून बसतात, बारा नंबरला तसं जमत न्हाई, मधनं तुकडे वाया जातात. पुठ्ठ्याचा साचा वेगळा कापायला लागतो. पट्टा लांब, बाजूचे कान मोठे, वेणी जास्त, आणि वेणी आमच्यात आई आणि वहिनीच घालतात, त्यांचा हात तेवढाच जास्त चालतो. सगळं चामड्याच्या वादीनं शिवायचं, खिळा मारत न्हाई आम्ही, म्हणजे टाके पण वाढले. आणि व्यापारी जोडाला दर देतो एकच, सात घ्या न्हाईतर बारा घ्या. मग कोण करणार सांगा? मागणी न्हाई असं न्हाई, बारा नंबर करणाऱ्याच्या हातात पैसे कमी पडतात म्हणून बाजारात बारा नंबर न्हाई.

२०१५ ला कायदा बदलला आणि बैलाचं कातडं बंद झालं, तवापासनं जाड तळाचं कातडं महाग पडतंय, ते एक अजून. आणि पावसाळ्यात वाळत न्हाई, जून ते सप्टेंबर काम निम्म्यावर येतं.

तुम्हाला बारा नंबरच विकायचा असंल तर आधी दर बोला. आठ नंबरचा जेवढा देता त्याच्या दीडपट कारागिराच्या हातात पडला तर माझा भाऊ आज रात्री साचा कापंल. पण दर आमचा पाडून वर 'हस्तकला' म्हणून दुप्पट भावानं विकायची असंल तर मी कुणाला करू देणार न्हाई. राग मानू नका, ह्या धंद्यात फोटो आमच्या हातांचे वापरतात आणि उधारी चार-चार महिने ठेवतात, वडिलांनी लई सोसलंय म्हणून लिहितोय.

रंकाळ्याकाठची (१३ नोव्हेंबर, सकाळी १०.३०)

राग कसला दादा. मी तीन घरांना रोख देते, उधारी नाही, पण सगळ्या नंबरांना एकच दर मीही देत होते, हे आत्ता तुमचं वाचून लक्षात आलं. आठ महिने त्या घरांत चहा पिऊनसुद्धा मी विचारलं नाही. तुमच्या भावाला भेटायला रविवारी येऊ का?

सुभाषनगरचा_पोरगा (१३ नोव्हेंबर, सकाळी १०.४८)

या की. दुपारी चारनंतर या, उजेड असंपर्यंत काम असतंय.

मांजराकाठचा_उंच (१४ नोव्हेंबर, रात्री १०.०५)

'असून असून किती असणार' हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. लातूर जिल्हा, उंची सहा फूट तीन इंच, पाय १२ नंबर, दहावीपासून तोच.

माझ्या लग्नात धोतर, उपरणं, फेटा सगळं मापाचं मिळालं, चपला मिळाल्या नाहीत. लातूर, सोलापूर, तुळजापूर फिरलो, शेवटी मेहुण्याने कोल्हापुरातून १० नंबर आणला. टाच पाऊण इंच बाहेर. फोटोग्राफरला सांगून ठेवलं होतं की पाय घेऊ नका. सप्तपदीला चपला काढल्या तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आजोबांच्या पायातली कर्र कर्र वाजणारी चप्पल लहानपणी ऐकलेली, मला तशीच हवी होती, अजूनही हवी आहे, लग्नाला नऊ वर्षं झाली.

आम्ही थोडे असू. पण आमच्यासारख्याला एकदा मापाची चप्पल मिळाली की तो दुसरीकडे जातच नाही, कारण दुसरीकडे नाहीच. आणि उंच माणसाचे भाऊ उंच असतात, मुलगे उंच होतात. माझा एक मावसभाऊ १३ नंबरचा आहे, आम्ही दोघे आत्ता पैसे भरायला तयार आहोत.

वऱ्हाडची_डॉक्टरीण (१५ नोव्हेंबर, दुपारी ३.२०)

रुंद पायाच्या ३१ जणींबद्दल थोडं, कारण हा कोपरा दिसायला मोह पाडणारा आहे. रुंद पट्ट्याची चप्पल जरूर करा, पण तिला 'आरोग्यदायी', 'शुगरवाल्यांसाठी उत्तम' असं काहीही लिहू नका. ऑनलाइन असं बिनधास्त लिहिलेलं दिसतं म्हणून सांगतेय.

मधुमेहात पुष्कळ जणांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. नव्या कोल्हापुरीचा अंगठा (पायाचं बोट अडकवायची वादी) किंवा कानाची कड घासली तर तुम्हाआम्हाला दुखतं आणि आपण काढून ठेवतो, त्यांना कळतच नाही, संध्याकाळी चप्पल काढल्यावर जखम दिसते. ती चिघळून बोट काढावं लागलेले पेशंट मी पाहिलेत. त्यांच्यासाठी मऊ एमसीआर रबराच्या तळाची, मागून पट्टा असलेली चप्पल वेगळी मिळते. तुमच्या साइटवर उलट स्पष्ट लिहा की पायाला बधिरपणा असेल तर ही चप्पल घेऊ नका. चार ऑर्डरी कमी होतील, होऊ देत.

खाडीपलीकडचा (१५ नोव्हेंबर, रात्री ९.००)

डॉक्टर ताईंचं शंभर टक्के. म्हणून माझं मत, पहिला प्रयोग फक्त पुरुषांच्या ११ ते १३ वर करा, रुंद पाय नंतर.

आता पैसे कसे घालायचे ते. स्टॉक करू नका. ज्या ५८ जणांना 'नाही' म्हणालात त्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये आहेत, त्यांना एकेकाला स्वतः लिहा, एकच मेसेज सगळ्यांना ढकलू नका. 'तुम्ही अमुक महिन्यात १२ नंबर विचारला होता, आता करून देते, तीन डिझाइन्स, तीन आठवडे लागतील, अर्धे पैसे आगाऊ.' ५८ पैकी दहा जणांनी आगाऊ भरले तर पुढे जा. तिघांनीच भरले तर तुमचे गेले किती? काहीच नाही, दोन दिवसांचं टायपिंग.

जाहिरातीतही फरक पडतो. 'कोल्हापुरी चप्पल' या शब्दावर जाहिरात लावली की तुम्ही सगळ्या देशाशी लढता. '१२ नंबर कोल्हापुरी' शोधणारा रोज थोडाच असेल, पण तो पाकीट हातात घेऊन बसलेला असतो. मी कपलरच्या जाहिरातीत मॉडेल नंबर टाकतो, मिक्सर हा शब्दसुद्धा टाकत नाही. आणि कॅश ऑन डिलिव्हरी या मालाला अजिबात नको, मापाने केलेला जोड परत आला तर दुसऱ्या कुणाला विकणार?

निपाणीकर (१६ नोव्हेंबर, सकाळी ६.५०)

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो आठ जिल्ह्यांना मिळून : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि आमच्या बाजूचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. अथणी, निपाणीकडचे कारागीर पिढ्यान् पिढ्या हेच करतात, कोल्हापूरच्या दुकानात टांगलेल्या पुष्कळ चपला आमच्या भागातून जातात. सुभाषनगरात मोठे नंबर करायला हात कमी पडले तर इकडे या, आणि चप्पल जिथे केली त्या गावाचं नाव साइटवर लिहा. गावाचं नाव लपवलं की कारागीर पण लपतो.

आकडेमोड (१६ नोव्हेंबर, सकाळी ११.१५)

किंमत बसवून बघू. कारागिराला दीडपट द्यायचं म्हणता, मग खर्च धरा : जोड १,४५०, खोका आणि पॅकिंग ६०, कुरियर १५०, पेमेंट गेटवे आणि किरकोळ ५०. झाले १,७१०. कर सोडून २,३५० ला विकलात तर ६४० हातात, आणि तुम्ही ५ टक्क्यांच्या रेषेखाली राहता. २,६०० करायचा मोह झाला तर कर १८ टक्के, गिऱ्हाइकाला जोड ३,००० च्या वर पडतो. २,३५० वरच थांबा.

कुरियरचं बिल मात्र स्वतः तपासा. वजनावर घेतात असं वाटतं, पण खोक्याच्या लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५,००० हे आकारमानाचं वजन आणि खरं वजन यातलं जे जास्त ते धरतात.

रंकाळ्याकाठची (१७ नोव्हेंबर, रात्री ११.००)

काल सुभाषनगरला गेले होते. दादाच्या वडिलांनी दोन तास बसवून घेतलं, साचा कसा वाढवतात ते दाखवलं. नुसता लांबीत वाढवून चालत नाही, पट्ट्याची जागा पण मागे सरकवावी लागते, नाहीतर अंगठा ओढला जातो. एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, ते बोटांनीच मोजतात, पट्टी घेत नाहीत. दर दीडपट ठरला, रोख, निम्मे काम सुरू करताना. आज पहिल्या वीस जणांना मेसेज गेले, एकेकाला लिहून. सध्या तीनच डिझाइन्स. ६४ पैकी पुरुषांच्या बाकीच्या मी साइटवरून काढल्या, काढताना हात थरथरत होता खरं सांगते, कारण प्रत्येकीचे फोटो मीच रात्र रात्र बसून काढलेत.

जर्सीची_मावशी (१७ नोव्हेंबर, रात्री ११.५०)

शाब्बास गं. नंबर विचारूच नकोस, पायाचा आराखडा मागव. माझ्या मुलासाठी एक जोड, तो इथला १३ आहे. जानेवारीत भाऊ पुण्याहून येणार आहे, त्याच्या बॅगेतून येईल.

रंकाळ्याकाठची (२२ फेब्रुवारी, रात्री १०.१५)

मंडळी, तीन महिने झाले, हिशेब द्यायला आलेय.

५८ पैकी २३ जणांनी आगाऊ भरले. त्यांच्या ओळखीतून आणि छोट्या जाहिरातीतून अजून ४४. म्हणजे ६७ जोड, परत आले फक्त ४. मी दोन दिवस तो आकडा पुन्हा पुन्हा तपासत होते.

आराखड्याचं गमतीशीर झालं. मी सगळ्यांना सांगितलं की ए-फोर कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आखा, फोटो पाठवा, कागदाच्या मापावरून मी पाय मोजते. पहिल्या सहा जणांचे फोटो आले तर सगळ्यांची टाच किंवा अंगठा कागदाबाहेर! ए-फोरची लांबी २९.७ सेंटिमीटर आणि १२ नंबरचा पाय त्याच्या बरोबरीचा किंवा जास्त. आता वर्तमानपत्र पसरून त्यावर आखायचं, पट्टी शेजारी ठेवायची आणि संध्याकाळीच आखायचं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. दोन्ही पाय आखायला सांगते, डावा-उजवा सारखा नसलेले बरेच निघाले, एकाचा तर जवळजवळ एका नंबरचा फरक होता. त्याला दोन वेगळ्या मापांची जोडी करून दिली. तो माणूस फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

खोक्याचं आकडेमोड दादांनी सांगितल्यावर मोजलं. माझा जुना खोका ३५ बाय २५ बाय १२, म्हणजे २.१ किलोचे पैसे जात होते, जोडाचं खरं वजन सव्वा किलोही नाही. आता तळाला तळ लावून, मध्ये कागद घालून ३५ बाय १४ बाय १० च्या खोक्यात बसवतो, बिल खऱ्या वजनावर आलं. आठ महिने मी हवेचं भाडं भरत होते.

जे बिघडलं तेही लिहिते. चारपैकी दोन जोड पायाचा वरचा उंचवटा जास्त म्हणून परत आले, आराखड्यात तो दिसतच नाही. एकाने पहिल्याच दिवशी चपला घालून शेतात पाणी पाजलं. चौथ्याच्या चपलेचा अंगठा तुटला, ती आमची चूक, नवीन करून दिला. आणि महिन्याला २५ च्या वर जोड होत नाहीत, घरची दोनच माणसं साच्यावर बसतात. मार्च-एप्रिलच्या लग्नांसाठी आत्ताच १८ जण थांबलेत. पुढच्या आठवड्यात निपाणीला जातेय, काका, तुम्हाला फोन करेन. बायकांच्या रुंद मापाचं अजून हातात घेतलेलं नाही. साइटवर बधिर पायाची सूचना मात्र लावली, डॉक्टर ताई.

मांजराकाठच्या दादांचा जोड कापशी, गेला का वेळेवर?

मांजराकाठचा_उंच (२३ फेब्रुवारी, सकाळी ८.४०)

मिळाला ताई, १४ तारखेलाच. पहिले चार दिवस खोबरेल लावून घरातल्या घरात घातला, आता अंगठा मऊ झालाय. वाजतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, मामंजी आले वाटलं.

मावसभावाचा १३ चा कधी येतोय? रोज विचारतो.

सुभाषनगरचा_पोरगा (२३ फेब्रुवारी, सकाळी ९.३०)

तेराचा शुक्रवारी सुटंल, तळ वाळतोय.

ताई, उंचवट्याचं वडिलांना विचारलं. ते म्हणतात आराखडा राहू द्या, एक सुतळी घ्यायला सांगा, पायाच्या मधोमध वरनं खालनं गुंडाळायची, जिथं मिळती तिथं गाठ मारायची आणि ती सुतळी उघडून पट्टीशेजारी ठेवून फोटो काढायचा. पट्टा तेवढा सैल सोडतील. पुढच्या १८ जणांना आजच सांगून ठेवा, पट्टे कापायला सोमवारी घेणार हायत.